उजाड हाताचा पुदिना

काचेचा घुमट उचलला आणि गच्चीवर जमलेल्या साठ-सत्तर माणसांच्या तोंडून एकदमच "अगं बाई!" निघालं, पुरुषांच्यासुद्धा. तासाभरापूर्वी ज्या पुदिन्याने मान टाकली होती, ज्याची पानं कुंडीच्या काठावरून ओल्या चिंधीसारखी लोंबत होती, तो आता ताठ उभा होता. पान न् पान टवटवीत. पुढच्या रांगेतल्या शिंपीणबाईंनी डोळे पुसले. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग इथे टाळ्या शोभत नाहीत असं वाटून तेच हात घाईघाईने जोडले.

"मेलेलं उठवलंत हो महाराज!" अध्यक्षबाई ओरडल्या. गच्चीवरच्या बागेच्या बायकांचा जो गट होता, त्याच्या या अध्यक्ष. पानबाबांना इमारतीत त्यांनीच आणलं होतं, त्यामुळे चमत्काराचा निम्मा मान आपलाच, अशा थाटात त्या चौफेर बघत होत्या.

पानबाबांनी हिरव्या झग्याच्या बाह्या सारल्या. गळ्यातली पितळेची नळी काढली, एक टोक पुदिन्याच्या देठाला लावलं, दुसरं आपल्या कानाला. डोळे मिटले. 

"भगिनींनो, झाड बोलतं," बाबा म्हणाले. "तुम्ही ऐकत नाही. मी ऐकतो. हे झाड म्हणतंय, मला कुणीतरी शिवलं. मला उजाड हात शिवला."

शेवटच्या रांगेत पाण्याच्या टाकीला टेकून, आठ महिन्यांच्या नातीला मांडीवर घेऊन सिस्टर बसल्या होत्या. बत्तीस वर्षं प्रसूती वॉर्डात नोकरी करून निवृत्त झालेल्या. या इमारतीतली निम्मी पोरं त्यांनीच पहिल्यांदा हातात धरलेली, त्यामुळे खरं नाव सगळे विसरले होते. नळी लावून छातीचे ठोके ऐकणारे डॉक्टर त्यांनी डझनांनी पाहिले होते, पण पुदिन्याला तपासणारा हा पहिलाच. आता हा त्याला खोकायला सांगतो की काय, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना हसू फुटणार होतं. तेवढ्यात बाबांनी बोट उगारलं. ते बोट त्यांच्या सुनेवर रोखलेलं होतं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. या गच्चीवर बायकांनी वाफे केले होते. पुदिना, सब्जा, ओवा, शेपू, गवती चहा. हिरव्या जुड्या शेजारच्या उपाहारगृहात जायच्या. रोपं तयार करून ती वाफ्यात हलवायचं काम सुनेचं. तिचे वडील माळी, त्यामुळे तिला ते अंगवळणी पडलेलं. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. या खेपेला मात्र अध्यक्षबाईंनी पानबाबांची 'शुद्ध लागण' आणली. रोप उपटायचं, जुन्या घरची माती जुने राग धरून ठेवते म्हणून मुळं पाण्यात खळखळून धुवायची, सूर्य साक्षीला हवा म्हणून भर दुपारी बाराला लावायचं, आणि एकही पान खुडायचं नाही, कारण पान खुडणं म्हणजे अंग तोडणं. अशी दीडशे रोपं लावली. रोज पाणी घातलं. तरी चार दिवसांत सगळ्यांनी माना टाकल्या आणि दोन आठवड्यांत वाफे वाळून कोळसा झाले.

आता चूक कुणाची? पद्धत महाराजांची, म्हणजे ती चुकणं शक्यच नाही. पाणी घातलेलं सगळ्यांनी पाहिलेलं. मग राहिलं काय? लावणारीचे हात. इतका साधा हिशोब अध्यक्षबाईंनी केला आणि बाबांनी त्यावर शिक्का मारला.

"या मुलीच्या हातांत उजाड आहे," बाबा म्हणाले. "तिचा दोष नाही. पण ती जे शिवेल ते सुकेल. पुढच्या रविवारी मी हस्तशांती करीन. तोवर हात झाकून ठेवायचे. रोपाला लावायचे नाहीत. आणि कोवळ्या जिवाला तर मुळीच नाही."

त्यांच्या मिशीवाल्या सेवकाने पुढे होऊन सुनेच्या दोन्ही हातांना हिरवं फडकं गुंडाळलं आणि मनगटावर गाठी मारल्या. पुढच्या रविवारपासून गच्चीची किल्लीही सेवकाकडेच राहील, रोपंही त्यांच्याकडचीच येतील, असं ठरलं. सून खाली मान घालून उभी होती. सिस्टरांच्या मांडीवरची पोर आईला बघून दोन्ही हात पसरून झेपावली. आई दोन पावलं मागे सरली. सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मांडीवर पोर होती आणि घुमट उचलल्यापासून त्यांच्या डोक्यात काहीतरी टोचत होतं. काय, ते त्यांना तेव्हा सापडेना.

घरी आल्यावर जे चाललं ते बघवत नव्हतं. सुनेने पाजायला बसायचं आणि बाळाला धरायचं सिस्टरांनी. पोर आईचं बोट शोधायची, तिला हिरवं फडकं मिळायचं. मग ती भोकाड पसरायची आणि आई भिंतीकडे तोंड करून रडायची. मुलगा रात्रपाळीहून आला आणि म्हणाला, "आई, आठच दिवस तर आहेत. कशाला वाद?"

"तुला आठ दिवस तुझ्या आईने हात लावला नसता ना," सिस्टर म्हणाल्या, "तर आज वाद घालायला तू नसतास. झोप जा."

तो गेला. सिस्टरांनी सुनेला स्वयंपाकघरात समोर बसवलं आणि तिच्या गाठी सोडायला घेतल्या. सुनेने हात मागे ओढले.

"नको आई. बाळाला काही झालं तर?"

"बाळाला नको लावूस. मला लाव. मी काही कोवळी नाही." सिस्टरांनी फडकी सोडली आणि ते हात दिव्याखाली धरले. नखांत माती, अंगठ्याच्या बेचक्यात खुरप्याचा घट्टा, एका बोटाला काटा लागलेला. "तीस-बत्तीस वर्षं हात बघितले मी. हे कामाचे हात आहेत. बरं, मला सांग, बाबाने ती पद्धत सांगितली तेव्हा तू काही बोलली होतीस का?"

सून घुटमळली. "म्हटलं होतं, मुळं धुऊ नयेत म्हणून. माझ्या वडिलांनी कधी धुतली नाहीत. आणि दुपारी लावू नये. सगळ्यांसमोरच म्हटलं."

"हात्तिच्या! मग हाताला काही झालेलं नाही तुझ्या. दुखणं तोंडाचं आहे. खरं बोललीस ना, तेवढंच झालंय."

सून पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता पुन्हा रडली. मग म्हणाली, "पण आई, दीडशे रोपं गेली हो. माझ्याच हातची. कधीकधी मलाच वाटतं…"

"वाटण्यावर मी कधी कुणाला औषध दिलं नाही. तपासून बघू," सिस्टर म्हणाल्या.

सोमवारी सकाळी त्या कोपऱ्यावरच्या रोपवाल्याकडून पुदिन्याची बारा रोपं घेऊन आल्या. एकाच खोक्यातली, एकाच उंचीची. भर दुपारी सिस्टरांनी स्वतः सहा रोपं 'शुद्ध' लावली. मुळं धुतली, पान खुडलं नाही, कुंड्या उन्हाच्या बाल्कनीत ठेवल्या, वरून तांब्याभर पाणी. तासाभरात सहाच्या सहा आडवी. आणि हे हात कुणाचे? ज्या हातांना इमारत शुभ म्हणते, त्या सिस्टरांचे!

ऊन उतरल्यावर उरलेली सहा सुनेने आपल्या रीतीने लावली. पिशवी फाडून मातीचा गोळा जसाच्या तसा खड्ड्यात ठेवला, वरची निम्मी पानं खुडून टाकली, पाणी दिलं, कुंड्या पडद्याआड सावलीत सरकवल्या. सकाळी सहाही उभी होती.

"सासूबाई म्हाताऱ्या, हात थरथरत असतील, असं म्हणतील लोक," सिस्टर म्हणाल्या. म्हणून बुधवारी आणखी बारा आणली आणि अदलाबदल केली. या वेळी सुनेने 'शुद्ध' लावली, सिस्टरांनी सुनेच्या रीतीने. शुद्ध सहा पुन्हा झोपली. सिस्टरांची पाच जगली आणि एक गेलं. गेलेलंही त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवलं. वॉर्डातली सवय, जे झालं ते लिहायचं.

"पण कुंडीत पाणी असून झाड तहानेने मरतं कसं गं?" त्यांनी विचारलं.

सुनेने एक रोप गोळ्यासकट परातीतल्या पाण्यात धरलं आणि हलवलं. माती सुटली, आणि मातीबरोबर पांढऱ्या धाग्यांचा गाळ तळाशी बसला. "हे बघा. जाड मुळं झाडाला नुसती धरून ठेवतात. पाणी पितात ती टोकाची बारीक मुळं. त्यांना केसाहून नाजूक लव असते, ती मातीला घट्ट चिकटलेली. माती धुतली की पाणी पिणारं तोंडच गेलं. वर पानं तेवढीच, आणि उन्हात पानांतून पाणी उडतच असतं. नवी मुळं फुटेपर्यंत झाडाने काय प्यायचं? म्हणून पानं कमी करायची आणि सावलीत ठेवायचं."

"म्हणजे सलाईनची सुई उपसायची आणि पेशंटला उन्हात पळवायचं!" सिस्टरांनी कपाळाला हात लावला. आणि त्याच क्षणी, त्या परातीकडे बघता बघता, रविवारपासून डोक्यात टोचणारं काय होतं ते त्यांना आठवलं.  पुदिन्याची एक जुनी कुंडी त्यांनी बाजूला काढली, आणि शुक्रवारपासून तिला पाणी बंद केलं.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी बाळाला सुनेपुढे धरलं. "आता तरी घे."

सुनेचे हात वर आले आणि तिथेच थांबले. "आज घेतलं आणि उद्या तिला ताप आला, तर सगळी इमारत म्हणेल मीच केलं. आणि आई, मलाही तसंच वाटेल. आयुष्यभर वाटेल."

सिस्टरांना त्या रात्री झोप लागली नाही. चोर दागिने नेतो, पैसे नेतो, पण या माणसाने आईचे हात नेले होते, आणि लोकांनी त्याला चहा पाजला होता.

रविवारी गच्ची तुडुंब. मधोमध हस्तशांतीचा पाट, त्यावर सून, हातांना पुन्हा हिरवं फडकं. शेजारी टेबलावर पितळी ताटात हिरव्या कापडावर काचेचा घुमट घातलेली कुंडी, आत मान टाकलेला पुदिना. "आधी एक मेलेलं रोप उठवतो, म्हणजे तुमची श्रद्धा उठेल," बाबा म्हणाले आणि गुणगुणायला लागले.

"थांबा जरा महाराज," सिस्टर उठल्या. नात शिंपीणबाईंच्या हाती दिली, टेबल गाठलं आणि कुणाला काही कळायच्या आत घुमट बाजूला करून कुंडी उचलली. सेवक धावला. "माझ्या अंगाला हात लावायचा नाही," त्या अशा आवाजात म्हणाल्या, की ज्या आवाजाने एके काळी वॉर्डाबाहेरचे नातेवाईक आपसूक रांगेत उभे राहायचे. सेवक थांबला.

"अध्यक्षबाई, हे रोप कुठलं?"

"आपल्याच वाफ्यातलं. सुनेने लावलं, ते मेलं, सेवकांनी उचलून कुंडीत ठेवलं."

"कधी?"

"काल."

सिस्टरांनी कुंडी डोक्याच्या वर धरली, बूड लोकांकडे करून. "बुडाच्या भोकातून काय लोंबतंय, सांगा बघू."

"मुळं," पुढच्या रांगेतला एक रिक्षावाला म्हणाला.

"वीतभर मुळं! काल या कुंडीत आलेलं रोप एका रात्रीत बुडातून बाहेर पडलं? हे महिनोन् महिने याच कुंडीत वाढलंय. याला कुणी उपटलं नाही, धुतलं नाही, माझ्या सुनेचा हात तर लागलेलाच नाही. याला फक्त दोन दिवस पाणी दिलं नाही. आणि आता हे बघा." त्यांनी ताटातलं हिरवं कापड उचललं आणि पिळलं. पचापचा पाणी गळलं. "गेल्या रविवारी घुमट उचलला तेव्हाच ताटातून पाणी ठिबकताना दिसलं होतं मला. खाली ओलं कापड, वर काच, आणि सावली. तहानलेलं झाड तासाभरात पाणी पितं आणि उठतं. हे मेलेलं नव्हतं, बेशुद्ध होतं. मेलेला कोण आणि बेशुद्ध कोण, एवढं मला कळतं."

गच्चीवर कुजबुज सुरू झाली. बाबा मंद हसले. "माई, श्रद्धा नसलेल्या डोळ्यांसमोर झाड उठत नाही. तुमच्या अहंकाराची झळ लागते त्याला."

"बत्तीस वर्षं सलाईन लावली महाराज. श्रद्धा आहे का, असं एकाही पेशंटला विचारलं नाही. सगळ्यांना लागू पडली."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सिस्टरांनी पिशवीतून आपली जुनी कुंडी काढली. तिच्यातला पुदिना पार लोळलेला. ती त्यांनी पाणी भरलेल्या परातीत ठेवली, वर लोणच्याची रिकामी बरणी उपडी घातली. मग वाफ्यातलं एक वाळलेलं रोप मातीसकट काढून बाबांच्या ताटात ठेवलं. "हे खरोखर माझ्या सुनेने लावलेलं. घाला घुमट. तुम्ही तुमचा मंत्र म्हणा, मी माझा म्हणते. तासाभराने उघडू."

"असल्या पैजा साधू लावत नाहीत!" सेवक गरजला.

तेव्हा बोलल्या त्या अध्यक्षबाई. तोंड पांढरं पडलेलं, पण बोलल्या. "लावा ना महाराज. तुम्ही उठवता म्हणूनच तर मी तुम्हाला आणलं."

बाबांना मंत्र म्हणावाच लागला. आणि सिस्टरांनी जिन्याजवळच्या भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचायला घेतली. "लिफ्टमध्ये चारपेक्षा जास्त माणसांनी चढू नये. दार नीट लावून घ्यावे. आत थुंकू नये." पुन्हा पहिल्यापासून. रिक्षावाला त्यांच्या सुरात सूर मिसळू लागला, मग शिंपीणबाई, मग पोरंटोरं. तासभर ती गच्ची "आत थुंकू नये"च्या गजराने दुमदुमत होती, आणि बाबांचा मंत्र त्यात कुठे बुडाला ते त्यांनाही कळलं नाही.

तासाने सिस्टरांनी बरणी उचलली. पुदिना उठला होता. अगदी ताठ म्हणणार नाही, एक फांदी अजून वाकडीच होती, पण उठला होता. घुमटाखालचं रोप वाळलं होतं तसंच होतं. त्याची तीन पानं मात्र गळून ताटात पडली होती.

मग सिस्टरांनी पाठकोरा कागद काढला आणि दोन्ही वेळच्या चोवीस रोपांचं सगळं वाचून दाखवलं. धुतलेली बारा, दोघींच्याही हातची, सगळी गेली. न धुतलेल्या बारांपैकी अकरा जगली, दोघींच्याही हातची. "आणि जे एक गेलं ते माझ्या शुभ हाताचं. माझेही हात झाका मग! का रे सेवका, फडकं उरलंय का?"

सेवक जवळपास नव्हता. बाबांनी घुमट झग्यात घेतला आणि "हे ठिकाण दूषित आहे" असं म्हणत तेही लिफ्टकडे वळले. लिफ्टची वाट बघत त्यांना सगळ्यांसमोर पाच मिनिटं उभं राहावं लागलं. कुणी अंगावर धावून गेलं नाही. रिक्षावाल्याने फक्त विनंती केली, "महाराज, दार नीट लावून घ्या."

सगळ्यांना पटलं असं मात्र मुळीच नाही. एक आजीबाई पुटपुटल्याच, "काहीही म्हणा, हाताचं काहीतरी असतंच." सिस्टर त्या आजीबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आता त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"आजी, असतं ना. कुणाला लावणी जमते, कुणाला जमत नाही. ते शिकता येतं. पण झाड वाळलं तर आधी मुळाशी बघा. ऊन बघा, माती बघा, पाणी कुठे अडलं ते बघा. शोधलं तर सापडतं, आणि पुढचं झाड वाचतं. ते सोडून माणसाकडे बोट केलं, तर झाडही मरतं आणि माणूसही जिवंतपणी वाळतो. ही पोर आठवडाभर स्वतःच्या बाळाला शिवली नाही. तुम्ही सगळे बघत होता. एकाने विचारलं का, की महाराज, हे तुम्हाला कसं कळलं? एवढं एकच वाक्य हवं होतं. फुकटचं होतं."

 अध्यक्षबाई पुढे आल्या. पाटाजवळ वाकून सुनेच्या मनगटावरच्या गाठी सोडू लागल्या. त्यांची बोटं चालेनात, म्हणून शेवटी त्यांनी दाताने गाठ ओढली. "चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून लावायचं कसं ते तू सांग. मुळं नाही धुणार."

 सुनेने आपले हात उलटसुलट करून पाहिले. सकाळीच तिने घरच्या कुंड्यांना माती घातली होती, ती नखांत तशीच होती. शिंपीणबाईंच्या कडेवरून पोर झेपावली.

"हात धुऊन येते आई," सून म्हणाली.

"काही धुऊ नकोस," सिस्टर म्हणाल्या. "घे."

तिने घेतलं. पोरीने आईचा अंगठा दोन्ही मुठींत पकडला आणि मातीसकट तोंडात घातला. रात्री तिला ताप आला नाही. आणि आला असता, तरी सिस्टरांनी थर्मामीटर लावला असता, हातांकडे पाहिलं नसतं.